छतातली हिरवी वायर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मोठ्या भावाला नाही. जामसांवलीच्या मारुतीसमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हा त्यालाही नाही — तिथे तर मी डोळे मिटून भलतंच काहीतरी मागून आलो, पोरीच्या नोकरीचं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काय! ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही. एवढं सुरुवातीलाच कबूल करतो, म्हणजे पुढे मी फार शूर आहे असा तुमचा गैरसमज व्हायचा नाही.

मी सौंसरचा वायरमन. नाव वसंता. वय पन्नाशीच्या पुढे, पोट जरा सुटलेलं, जवळचा चष्मा लागलेला. तीस वर्षं लोकांच्या भिंतींत वायरी घालतोय. आता तुम्हीच सांगा, तुम्ही कधी कोणाच्या घरी जाऊन म्हणालात का, "वा, काय सुंदर वायरिंग आहे"? नाही ना? रंगाला वाहवा मिळते, फरशीला मिळते, स्वयंपाकघराच्या ओट्याला मिळते. वायरमनची आठवण फक्त लाइट गेल्यावर. चांगलं काम केलं की आमचं काम कोणाला दिसतच नाही. मला याचा राग यायचा. खरं तर मूळ दुखणं तिथेच आहे, पण मी ते बरीच वर्षं "तत्त्व" म्हणून सांगत फिरलो.

माझी एक गोष्ट मात्र खास होती — अर्थिंग. ते काय असतं हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एखाद्या यंत्राच्या पत्र्यात चुकून करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता सरळ जमिनीत जावा, म्हणून त्या पत्र्याला एक हिरवी वायर बांधतात आणि ती जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीला नेऊन जोडतात. झालं, इतकंच. पण आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि माती सुकली की अर्थिंग मरतं. म्हणून मी तो खड्डा नेहमी अंगणातल्या तुळशीला लागून घेतो. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी — आणि वरून घरची बाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतेच. ते झिरपत खाली जातं. बाईला पुण्य, मला ओल. ही युक्ती माझी स्वतःची. किती जणांना माहीत होती? एकालाच. देवरावला.

देवरावबद्दल सांगायला मला अजूनही जड जातं. तो टिनाचं काम करायचा. सौंसरला बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान होतं, आणि फाल्गुन लागला की दुकानासमोर कूलर बनवून घेणाऱ्यांची गर्दी. पत्रा समोर टाकायचा, खिळ्याने दोन रेघा ओढायचा, आणि कात्री लावायचा. माप नाही, टेप नाही. चारी कोपरे असे बसायचे की पाण्याचा थेंब बाहेर येणार नाही. मी माझ्या डोळ्यांनी कितीदा तरी पाहिलं, लपून टेपही लावून पाहिला — हो, लावला — आणि एका सुताचाही फरक निघाला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

वर माणूस चांगला. हेच तर वाईट! तो गर्विष्ठ असता, लबाड असता, दारू पिऊन पडणारा असता, तर मला किती सोपं झालं असतं. पण हा हसरा. माझ्या कामाचं चारचौघांत कौतुक करणारा. आमच्या घरचा कूलर त्यानेच बनवलेला. उन्हाळ्यात दुपारी माझी बायको कूलरसमोर पदर पसरून बसायची आणि म्हणायची, "देवरावभाऊच्या हाताले काही वेगळंच आहे." त्या कूलरची मोटर मी बसवलेली, वायर माझी, स्विच माझा — हवा मात्र देवरावची! मी उठून अंगणात उन्हात जाऊन बसलो, आणि बायकोने विचारलं तर म्हणालो, मला कूलरची हवा सोसत नाही. तो अख्खा उन्हाळा मी घामाघूम होत काढला. हसा तुम्ही. मी जळायचो, सरळ शब्दांत सांगतो.

पुढे घराघरांत एसी आले, आणि देवरावने डक्टचं काम शिकून घेतलं. डक्ट त्याचे, वायरिंग माझं, अशी आमची जोडी झाली. लोक जोडी म्हणायचे. मी मनात म्हणायचो, गाडी त्याची आणि मी मागे लोंबकळणारा.

आता पांढुर्ण्याचं घर. तिकडे वळायचं टाळत होतो, तुमच्या लक्षात आलं असेल.

पांढुर्णा जिल्हा व्हायच्या आधीची गोष्ट. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या एक मॅडम, आणि त्यांचे यजमान — त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरांना दम्याचा त्रास. थंडी सोसत नाही, ऊन सोसत नाही, धूळ तर अजिबात नाही. म्हणून त्यांनी अख्ख्या घराला एकच यंत्र बसवायचं ठरवलं, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देणारं. मधल्या पॅसेजच्या छतात यंत्र, आणि तिथून पत्र्याचे चौकोनी बोगदे, म्हणजे डक्ट, तीन खोल्यांपर्यंत. खालून पीओपीचं छत, कोणाला वरचं काही दिसू नये म्हणून. तीन आठवडे आम्ही दोघं रोज सौंसरहून माझ्या मोटारसायकलवर गेलो. तो मागे बसून वाटेतल्या संत्र्याच्या बगिच्यांकडे बघत गाणं गुणगुणायचा. मला त्याच्या गुणगुणण्याचाही राग यायचा.

सरांची खोली सगळ्यात शेवटी. तिथपर्यंत पोचताना हवेचा जोर कमी व्हायचा, म्हणून त्या डक्टच्या आत एक छोटा पंखा बसवायचं ठरलं. पंख्याला वायर हवी, आणि वायर आत जायला पत्र्याला भोक हवं. भोक देवरावने पाडलं. अशा भोकात रबराचा बुश बसवायचा असतो, म्हणजे पत्र्याची धारदार कड वायरीला कापत नाही. आणि डक्टला बांधायची ती हिरवी वायर. बुश आणि हिरवी वायर, दोन्ही कामं वायरमनची. माझी. यात शंकेला जागा नाही, आणि मी ती घेणारही नाही.

पंखा नागपूरहून यायला उशीर झाला. आला तो नेमका उद्घाटनाच्या दिवशी सकाळी. आमच्याकडे यंत्र घरात आलं की पूजा आलीच, आणि गुरुजींनी सव्वाअकराच्या आतला मुहूर्त काढून दिलेला. मी छतात, पोटावर सरपटत. पंखा बसवला, वायर तशीच उघड्या भोकातून आत ओढली, जोडली. बुश माझ्या शर्टाच्या खिशात होता. हिरवी वायर हातात. आणि खालून मॅडमचा आवाज —

"वसंताभाऊ, मुहूर्त टळून राहिला ना! उतरा बापा खाली!"

दहा मिनिटांचं काम राहिलं होतं. मी म्हटलं, प्रसाद झाला की परत चढतो. इथपर्यंत, देवाशपथ, माझ्या मनात काही नव्हतं. इथपर्यंतचा मी वेगळा आहे, आणि प्रसादानंतरचा वेगळा.

मॅडमनी रिमोटला कुंकू लावलं, बाहेरच्या यंत्रासमोर नारळ फोडला, आणि बटण दाबलं. हवा आली. सर त्यांच्या खोलीत, डक्टच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी जाळीखाली पलंगावर बसले, डोळे मिटले, आणि छाती भरून श्वास घेतला. किती दिवसांनी तसा घेतला असेल कोण जाणे. मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग मॅडम आतून ताट घेऊन आल्या. ताटात टोपी, दुपट्टा, नारळ. आमच्याकडे घराचं काम पुरं झालं की मुख्य मिस्त्रीला टोपी-दुपट्टा देतात. मुख्य मिस्त्रीला, म्हणजे एकालाच. सर उठले, आणि त्यांनी टोपी देवरावच्या डोक्यावर ठेवली. म्हणाले, "देवराव, या घरात तू हवा आणली." टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वसंताभाऊ, तुम्ही पेढा घ्या ना."

पेढा!

एवढंही मी गिळलं असतं. पण देवरावने काय केलं? गळ्यातला दुपट्टा काढला आणि माझ्या खांद्यावर टाकायला आला. "हा वसंताचा बी आहे. याच्या लाइनीशिवाय माझा पत्रा म्हणजे भंगार." सगळे कौतुकाने हसले. त्याच्या मनाच्या मोठेपणाला हसले हो, माझ्या कामाला नाही. मी हसतहसत त्याचा हात बाजूला केला. आतून असा भाजलो की काय सांगू. माझ्या वाटचा मान आता हा मला दान करणार? आणि मी घेणार?

छत बंद करायला आलेला पीओपीवाला झडप हातात धरून उभा होता. त्याने मला विचारलं, वर काही राहिलं का?

मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? इतकी वर्षं मी हाच प्रश्न उलटासुलटा करून पाहिला. गडबडीत विसरलो असं स्वतःला सांगून पाहिलं. पण बुश खिशात होता, छातीवर टोचत होता. विसरेन कसा? खरं ते असं — बुश नसला की वायर पत्र्याच्या कडेवर थरथरते. पंखा चालू झाला की बारीक खरखर येते. मला ती खरखर हवी होती. चार-आठ दिवसांनी सरांनी म्हणावं, देवराव, तुझा डक्ट आवाज करतो रे. मॅडमनी म्हणावं, झोप लागत नाही. देवरावने वर-खाली करावं, शोधावं, आणि त्याला सापडू नये. एवढंच. माझा मत्सर एवढा छोटा होता. एखाद्याच्या जिवावर उठण्याइतका मोठा तो नव्हता, आणि म्हणूनच मला तो चालवून घेता आला.

आणि हिरवी वायर? ती त्याच 'नाही'मध्ये राहिली. तिच्यासाठी वर चढलो असतो तर हाताने बुशही आपोआप बसवला असता, मी माझ्या हाताला ओळखतो. म्हणून चढलोच नाही. ज्या माणसाने गावभर अर्थिंगच्या खड्ड्यांचा अभिमान मिरवला, त्याने अर्थिंग सोडून दिलं. त्या घरातही तुळशीजवळ खड्डा होता. मॅडम रोज पाणी घालत होत्या. ओल अगदी छान होती, फक्त तिला वर काही जोडलेलं नव्हतं. करंट गळला की आपोआप पडतो तो स्विचही मी बोर्डात घातला नव्हता. पावसाळ्यात तो उगाच पडतो म्हणून लोक कटकट करतात, म्हणून. तो मात्र मत्सर नव्हता, नुसता आळस. तोही लिहून ठेवा.

झडप लागली. वरून रंगाचा हात फिरला.

खरखर आलीच नाही. याला काय म्हणावं? देवरावचा पत्रा इतका घट्ट बसलेला की आवाज बाहेर यायलाच तयार नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, सर जो भेटेल त्याला सांगत, असं काम कुठे बघायला मिळणार नाही. मी दोन-तीनदा त्या घरावरून गेलो. दर वेळी वाटायचं, जावं, म्हणावं की मॅडम, एकदा वर बघून घेतो. काय लागलं असतं? एक शिडी आणि दहा मिनिटं. पण गेलो असतो तर देवरावला कळलं असतं की वसंता काहीतरी विसरला होता. देवराव सांभाळून घेतो आणि वसंता विसरतो — हे मला परवडणारं नव्हतं. म्हणून मी गाडी हळू केली, आणि पुढे गेलो.

दिवाळीच्या आधी देवरावने मला सोबत घेतलं. म्हणाला, "सरायले धुळीचा तरास आहे, जाळ्या पुसून देऊन राहिलो. चाल, तेवढाच चहा पिऊ." असा माणूस. कोणी बोलावलं नव्हतं त्याला. मॅडम खूश. मला पुन्हा तेच — बघा, देवरावभाऊ स्वतःहून आले!

मी सरांच्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. हातात चहाचा कप. देवराव लोखंडी स्टुलावर चढला. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. हातात ओलं फडकं. यंत्र चालू ठेवलेलं, जाळीतून हवा नीट येते का ते बघायला. मी हे सगळं एकेक करून पाहिलं. माझ्या धंद्यात हे सगळं एका ओळीत आलं की तोंडातून आपसूक निघतं — थांब, मेन बंद करतो. पोरासोरांनाही मी हे सांगतो. त्या दिवशी ते जिभेवर आलं, आणि लगेच दुसरा विचार आला. हा विचारेल, काऊन? तुझं अर्थिंग आहे ना? मग मी काय सांगू?

मी चहाचा घोट घेतला.

मला माहीत नव्हतं की करंट उतरला आहे. हे खरं आहे. पण उतरला असला तर काय होईल, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. हेही तितकंच खरं.

त्याचा हात जाळीला लागला आणि आवाजच निघाला नाही त्याच्या तोंडातून. नुसता ताठला. मग स्टूल घसरलं, म्हणून तो सुटला आणि उजव्या हातावर पडला. मी धावत जाऊन मेन पाडला. लोक पुढे म्हणाले की वसंता विजेसारखा धावला. धावलो खरा. पण धावताना मनात देवराव नव्हता. धावताना माझ्या मनात छतातली ती हिरवी वायर होती, जशी सोडली तशी पडलेली, आणि आता कोणीतरी वर जाऊन ती बघणार ही भीती.

त्याला शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. मॅडम सोबत गेल्या. मलाही सगळे म्हणाले, चला. मी म्हणालो, नको, मी आधी लाइन बघतो, घरात सर आहेत, आणखी कोणाला काही व्हायला नको. केवढा जबाबदार माणूस!

झडप उचकटून वर गेलो. पंख्याची वायर भोकाच्या कडेवर घासून कापली गेली होती, आतलं तांबं पत्र्याला टेकलेलं. आधी हिरवी वायर उचलली आणि डक्टला आवळून बांधली. मग खिशातून नवा बुश काढला — वायरमनच्या खिशात असतात एक-दोन — आणि बसवला. हात कापत नव्हते. हेच मला आजही विचित्र वाटतं, इतकी सफाई मी आयुष्यात दाखवली नसेल. इथे थांबलो असतो तरी... पण थांबलो नाही. कापलेल्या वायरीला कारण लागणार होतं. वीतभर अंतरावर देवरावचा एक स्क्रू होता, पत्रे जोडलेला, टोक बाहेर आलेलं. मी वायर ओढून त्या टोकावर आणली आणि अंगठ्याने दाबली. टोक बरोबर कापलेल्या जागी रुतलं.

खाली उतरलो. सर भिंतीला धरून उभे होते, धापा टाकत. त्यांनी विचारलं, काय झालं रे?

"देवरावचा स्क्रू वायरीत घुसला सर." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "अर्थिंग होतं म्हणून वाचला. नाहीतर संपला होता."

दुसरं वाक्य कशाला बोललो? पहिल्याने भागलं नसतं? भागलं असतं. पण ते वाक्य मला बोलायचं होतं. मला वाटतं, कितीतरी वर्षांपासून बोलायचं होतं.

देवरावचं मनगट मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडलेला. मला बघून उठून बसला. विचारलं, "माझ्याच स्क्रूनं झालं, वसंता? तुनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं?"

"हो."

तो म्हणाला, "सरायचा हात लागला असता तं? त्यायले तं असाच दम आहे." आणि रडला. चाळिशी उलटलेला माणूस माझ्यासमोर, स्वतःला नाही तर सरांना काय झालं असतं म्हणून रडत होता, आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "होते गा असं कधीकधी." मी त्याला माफ केलं. कळतंय ना तुम्हाला? मी, त्याला.

त्यानंतर देवराव जिथे जाईल तिथे सांगत सुटला. वसंताच्या अर्थिंगनं मी वाचलो. तुळशीजवळच्या खड्ड्याची युक्तीसुद्धा त्यानेच लोकांना रंगवून सांगितली. पांढुर्णा जिल्हा झाला, साहेबलोक राहायला आले, नवी घरं उठली, आणि लोक म्हणू लागले, वायरिंग त्या अर्थिंगवाल्याकडूनच करून घ्या, माणसाचा जीव वाचला त्याच्यामुळे. लोक आता खरंच विचारतात, भाऊ, खड्डा कुठे घेतला, दाखवा ना. मी दाखवतो. जे मला तोवरच्या सगळ्या वर्षांत मिळालं नव्हतं ते सगळं देवरावने एका वर्षात मिळवून दिलं. टोपी-दुपट्टाही मिळाला, दोनदा. घेतला.

आणि त्याचं काय झालं? मनगट जुळलं. डॉक्टर म्हणाले, हात पहिल्यासारखा आहे. हात होता हो, पण त्याचा हातावरचा विश्वास गेला. पत्र्याला स्क्रू लावायला घ्यायचा आणि थांबायचा. मागून वाकून बघायचा. पुन्हा समोर यायचा, पुन्हा मागे जायचा. टेप घेऊ लागला. एकेक माप तीनदा. डक्टचं काम सोडलं. मग कूलर बनवणंही सोडलं. आता त्याच दुकानात तयार प्लॅस्टिकचे कूलर विकतो, पंप विकतो, गवताच्या जाळ्या विकतो. गिऱ्हाइकाला हसून म्हणतो, "प्लास्टिकले करंट नाई लागत दादा." सौंसरमध्ये आता कोणाला आठवतही नसेल की हा माणूस खिळ्याने रेघ ओढून पत्रा कापायचा. मला आठवतं. मी टेप लावून पाहिलेला आहे.

तुम्ही म्हणाल, पश्चात्ताप झाला म्हणून हा सांगायला बसला. तसं असतं तर बरं झालं असतं. मला जे सांगायचं आहे ते या एप्रिलमधलं आहे.

देवरावच्या सुनेला बाळ झालं. बाळंतीण घरात, ऊन मरणाचं. आणि देवरावच्या मनात आलं की नातवाला प्लॅस्टिकच्या कूलरची हवा द्यायची नाही, स्वतःच्या हाताने लोखंडी कूलर बनवायचा. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा पत्रा आणला. कापला, वाकवला, उभा केला. पण स्क्रू लावायची वेळ आली आणि अडला. दोन दिवस तसाच अडलेला. मग त्याने मला बोलावणं पाठवलं.

गेलो. अंगणात कूलरचा सांगाडा उभा होता. वहिनींनी पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही याल म्हटल्यावर यायनं आज स्क्रूची मशीन हातात धरली." देवराव पुढे आला. माझ्या हातात मार्कर दिला.

"वसंता, तू निशाण करून दे. तू करशील तिथंच लावतो. मले माह्या डोळ्याचा भरोसा नाई राह्यला."

सांगायची याहून चांगली वेळ कोणती होती? बाळ आत झोपलं होतं, वहिनीही आत गेलेल्या, अंगणात आम्ही दोघंच. एक वाक्य पुरलं असतं. स्क्रू तुझा नव्हता, देवराव.

मी मार्कर उघडला आणि निशाणं करायला लागलो. तो माझ्या मागे उभा होता, श्वास रोखून. मी एक ठिपका दिला की तो तिथे स्क्रू लावायचा, आणि पुढच्या ठिपक्याची वाट बघायचा. एक, दोन, तीन. आठवा ठिपका मी अर्धं बोट बाजूला दिला. चुकून नाही. त्याने धोका काही नव्हता, कूलरचं दार फक्त जरासं तिरकं बसणार होतं. मला बघायचं होतं.

त्याला दिसलं. त्याचा हात थांबला, नजर एकदा खालच्या कोपऱ्याकडे गेली, एकदा वर आली. तो डोळा अजून तसाच आहे, त्याला अर्ध्या बोटाचा फरक दिसणार नाही असं होऊच शकत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मार्कर पुढच्या जागेवर नेला.

"तू म्हणून राहिला तं बराबरच असन," तो म्हणाला, आणि त्याने स्क्रू तिथेच लावला.

मला बरं वाटलं.